मायक्रोस्कोपच्या टेंडरमध्ये एक ओळ वाढवा: मज्जारज्जूच्या गाठींसाठी एक खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण,
सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, मंत्रालय, मुंबई,
आणि न्यूरोसर्जरीच्या यंत्रांची स्पेसिफिकेशन ठरवणाऱ्या तांत्रिक समित्यांचे सर्व सदस्य

विषय: शस्त्रक्रियेच्या मायक्रोस्कोपमध्ये फ्लुरोसन्सची, म्हणजे डायने (रंगद्रव्याने) चमकणारी गाठ दाखवण्याची, सोय असण्याबाबत.

महोदय, महोदया,

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या जुन्या सहकारी सिस्टरचा फोन आला. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यूरोसर्जरी ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, आम्ही दोघींनी चौदा वर्षं एकत्र काढली. ती अजून तिथेच आहे. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका ट्रस्टच्या रुग्णालयात आले, त्यालाही आता सहा वर्षं होतील. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे नवीन मायक्रोस्कोप यायचाय. सरांनी स्पेसिफिकेशन बघून ठेवायला सांगितलंय. तू तिकडे मोठ्या मशीनवर काम करतेस, काही राहिलंय का सांग." आणि तिने फोनवरच कागद वाचायला घेतला. झूम किती, फोकल लेंथ किती, समोरच्या असिस्टंटसाठी दुसरं आयपीस, फूट पेडल, रेकॉर्डिंग, भिंतीवरचा मोठा स्क्रीन. चार पानं वाचून झाली. मी विचारलं, "फ्लुरोसन्स?" तिने पानं उलटसुलट केल्याचा आवाज आला. "नाही गं, ते कुठे दिसत नाही."

हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं स्क्रब होऊन न्यूरोसर्जनच्या उजव्या हाताला उभी राहिलेली अधिपरिचारिका आहे. सर्जनला आयपीसमधून जे दिसतं ते मला बाजूच्या स्क्रीनवर दिसतं. त्या स्क्रीनवर काय दिसत नव्हतं आणि नंतर काय दिसू लागलं, एवढंच मी सांगू शकते. पण ते मी खात्रीने सांगू शकते.

आधी एक बाई सांगते. सरकारी रुग्णालयातली. वय चाळिशीच्या आसपास, कोरडवाहू गावातली, शेतमजुरी करणारी. तिची तक्रार काय होती, तर चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि तिला कळतच नाही. कुणीतरी मागून हाक मारून सांगतं, "मावशी, चप्पल राहिली." रात्री अंधारात तोल जायचा. दोन वर्षं तिला "मणक्यात गॅप आहे" म्हणून गोळ्या आणि कंबरेचा पट्टा देण्यात आला. शेवटी एमआरआय झाला तेव्हा छातीच्या मागच्या भागात, मज्जारज्जूच्या आत, तीन मणके उंचीची गाठ निघाली.

मज्जारज्जू म्हणजे आपल्या करंगळीएवढा जाड दोर. मेंदूतून निघतो आणि मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. हातापायांची ताकद, स्पर्श, लघवी-संडासवरचा ताबा, सगळी ये-जा त्या करंगळीतून. बऱ्याच गाठी या दोराच्या बाहेर असतात, नसेवर वाढलेला श्वानोमा किंवा आवरणावर वाढलेला मेनिंजिओमा. त्या दोराला बाजूने दाबतात, आणि दोर न उघडता काढता येतात. हिची गाठ दोराच्या पोटात होती. अशा गाठीसाठी मणक्याची मागची कमान काढायची, आवरण उघडायचं, दोर बरोब्बर मध्यरेषेत चिरायचा आणि आत उतरायचं. प्रौढांमध्ये अशा आतल्या गाठींत एपेंडायमोमा सगळ्यात जास्त, लहान मुलांत ॲस्ट्रोसायटोमा. एपेंडायमोमाचं बरं असतं, गाठ आणि दोर यांच्यात बहुतेक वेळा एक सांधा सापडतो. त्या सांध्यातून सर्जन हळूहळू गाठ सोडवत जातात. आम्ही ओटीत त्याला 'प्लेन' म्हणतो. प्लेन सापडला की सगळ्यांचा श्वास मोकळा होतो.

त्या बाईच्या गाठीचा वरचा भाग सुरेख सुटला. खालच्या टोकाला मात्र प्लेन हरवला. मला तो स्क्रीन आजही आठवतो. पांढरट-करडं, थोडं रक्त मिसळलेलं, आणि सगळं एकसारखं. गाठ कुठे संपते आणि दोर कुठे सुरू होतो, कुणालाच सांगता येईना. सरांनी सलाईनने धुवायला सांगितलं. मी धुतलं. त्यांनी झूम वाढवला, दिव्याचा प्रकाश वाढवला, पुन्हा धुवायला सांगितलं. पाचेक मिनिटं नुसते बघत राहिले, रक्त थांबवणारा बायपोलर चिमटा हातात तसाच धरून. मग म्हणाले, "इथे थांबतो." तो निर्णय बरोबरच होता. दिसत नसताना मज्जारज्जूत हात घालणारा सर्जन मला चालला नसता. बाई वॉकर धरून घरी गेली. चार वर्षांनी परत आली ती व्हीलचेअरवर, खालच्या टोकाची शिल्लक गाठ वाढून. दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुन्या चिकटलेल्या व्रणातून वाट काढताना प्लेनचं नावच नव्हतं.

तेव्हा डाय असता तर ती आज चालत असती, असं मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत असण्याची शक्यता नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या पाच मिनिटांत सरांकडे बघण्याचं आणखी एक साधन असायला हवं होतं, आणि ते साधन तेव्हाही जगात होतं.

साधन म्हणजे काय, तर फ्लुरोसीन. आपल्या प्रत्येक मोठ्या नेत्रविभागात ही ॲम्प्यूल पडलेली असते. मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढताना हाताच्या शिरेतून जो पिवळा डाय देतात, तोच. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फॉन बायर यांनी तो पहिल्यांदा तयार केला. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरून नाहीसं होतं. ते कुठे जातं याचा वाद होता. १८७७ साली तिथे साधारण दहा किलो हा डाय ओतला. सुमारे साठ तासांनी कित्येक किलोमीटरवरचा आख नदीचा झरा हिरवागार वाहू लागला, आणि ते पाणी पुढे ऱ्हाईनला मिळतं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. जमिनीखालची वाट दाखवणारा तोच डाय १९४७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज मूर या सर्जननी गाठ आणि निरोगी ऊती वेगळी ओळखण्यासाठी वापरला, आणि लगेच पुढे मेंदूच्या गाठींसाठीही. म्हणजे ही कल्पना पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. अडलं होतं ते यंत्रापाशी. डाय चमकतो तो विशिष्ट निळ्या प्रकाशात, आणि ती चमक बघायला मायक्रोस्कोपमध्ये योग्य फिल्टर लागतो. तो फिल्टर चांगला झाला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत.

डाय गाठीतच का थांबतो, हेही सोप्या शब्दांत सांगते, कारण फाईल पुढे नेणाऱ्या प्रत्येकाने वैद्यकशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. मेंदू आणि मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, रक्तातली बरीचशी द्रव्यं त्या बाहेर झिरपू देत नाहीत. गाठीत ही भिंत मोडलेली असते. शिरेतून दिलेला फ्लुरोसीन तिथे झिरपतो आणि साचतो. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ पांढरी उजळते ती याच कारणाने. म्हणून एमआरआयमध्ये जी गाठ नीट उजळते, ती ओटीतही चमकण्याची शक्यता जास्त. समितीतल्या तज्ज्ञांना हे माहीत आहेच, पण फाईल त्यांच्या टेबलाच्या पुढेही जाते.

आता मी जे स्वतः पाहिलं ते. ट्रस्टच्या रुग्णालयात पस्तिशीतला एक तरुण आला, फॅब्रिकेशनचं काम करणारा. तीच तक्रार, पाय जड आणि बधिर, शिडीवर चढताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही. एपेंडायमोमा असावा असा एमआरआयचा अंदाज. आदल्या दिवशी सरांनी त्याला आणि बायकोला समोर बसवून डायबद्दल सांगितलं, लेखी संमती घेतली, ॲलर्जी आहे का, किडनीचा त्रास आहे का ते विचारलं. सकाळी भूल देताना मी ॲम्प्यूल फोडली. वीस टक्क्यांची, म्हणजे एका मिलिलिटरला दोनशे मिलिग्रॅम. वजन साठ किलो, किलोमागे पाच मिलिग्रॅमचा हिशोब, तीनशे मिलिग्रॅम, दीड मिलिलिटर. तीन मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधला निम्माच लागला. सिरिंजमध्ये तो विटेच्या रंगाचा दिसतो. एक थेंब चादरीवर पडला आणि पसरून झगझगीत पिवळा झाला. तो डाग धोब्याकडूनही निघाला नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी ॲड्रेनलिनचा ट्रे हाताशी ठेवून डाय सावकाश दिला.

दीडेक तासाने आवरण उघडलं. दोर मध्यरेषेत चिरून गाठ दिसू लागली तेव्हा सरांनी मायक्रोस्कोपच्या मुठीवरचं बटण दाबून फिल्टर लावला. स्क्रीनवरचा रंग बदलला. आजूबाजूचा दोर फिकट आणि मध्ये गाठ लिंबाच्या सालीसारखी पिवळी-हिरवी. ओटीत कुणी काही बोललं नाही. शिकाऊ डॉक्टर स्टुलावरून उतरून स्क्रीनजवळ आला. काम सुरू झालं, क्युसाने, म्हणजे गाठ फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राने, गाठीचं पोट रिकामं करत करत, मग कडा सोडवत. पुन्हा तेच घडलं, खालच्या टोकाला प्लेन पुसट झाला. साध्या प्रकाशात तीच पांढरट-करडी गिचमीड, जी मी त्या बाईच्या वेळी पाहिली होती. सर म्हणाले, "धुवा." मी धुतलं. फिल्टर लावला. तांदळाच्या दाण्याएवढी एक पिवळी कड डाव्या बाजूला उरलेली दिसली. सरांनी मॉनिटरिंगच्या टेक्निशियनला विचारलं, "एमईपी?" म्हणजे पायांकडे जाणारे संदेश पोचताहेत का. "चांगले आहेत सर, दोन्ही पाय." मग तो दाणा सोडवून काढला.

त्याच्या थोडं खाली आणखी एक पिवळसर ठिपका होता. मला वाटलं, आता तोही काढतील. त्यांनी पुन्हा धुवायला सांगितलं. दोन-तीनदा सलाईन सोडल्यावर तो ठिपका फिका होत गेला. "हा सांडलेला डाय आहे, गाठ नाही," असं म्हणून त्यांनी तो तसाच सोडला. हे मी मुद्दाम सांगते आहे. यंत्र आणलं की काम झालं, असं नाही. जिथे हात लागतो, थोडी इजा होते, तिथे निरोगी ऊतीतही हा डाय झिरपतो. मज्जारज्जूचं बाहेरचं आवरणही चमकतं. वर रक्ताचा पातळ थर असला तर खरी गाठही झाकली जाते. पिवळं दिसलं म्हणून कापत सुटणाऱ्या हातात हे साधन देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

त्या तरुणाची बायको दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आली. लघवीच्या पिशवीत हळदीचं पाणी भरावं तसा पिवळाधमक रंग आणि चेहराही पिवळट. "सिस्टर, यांना कावीळ झाली का हो?" सरांनी आधी सांगूनही ती घाबरली होती. एक-दोन दिवसांत रंग उतरतो, तसा तो उतरला. पहिला आठवडाभर त्याचे पाय आधीपेक्षा जड होते. दोर उघडल्यावर बऱ्याच जणांना असं होतं. तीन महिन्यांनी तो चालत ओपीडीत आला. मी त्याच्या चपलांकडे बघितलं. माझी ती सवय झाली आहे.

दुसरा डाय ५-एएलए. हा शिरेतून द्यायचा नसतो. पाण्यात विरघळवून रुग्णाला पाजायचा, किलोमागे वीस मिलिग्रॅम, भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी. गाठीच्या पेशी त्याचं पोरफायरिन नावाच्या चमकणाऱ्या द्रव्यात रूपांतर करतात आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात गाठ लाल-गुलाबी दिसते, बाकी सगळं गडद निळं. मेंदूच्या ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूच्याच ऊतीतून वाढणाऱ्या गाठीसाठी, याचा पुरावा पक्का आहे. जर्मनीत वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ३२२ रुग्ण होते. ५-एएलए वापरलेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांत एमआरआयवर उजळणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात ३६ टक्क्यांत. सहा महिन्यांनंतरही गाठ न वाढलेले रुग्ण ४१ टक्के, दुसऱ्या गटात २१. युरोपात २००७ साली आणि अमेरिकेत २०१७ साली त्याला ग्लायोमासाठी मंजुरी मिळाली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या न्यूरोसर्जननीही मेंदूच्या गाठींतले आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले आहेत. मज्जारज्जूत एपेंडायमोमा आणि मेनिंजिओमा याने बहुधा चमकतात, श्वानोमा सहसा चमकत नाही. ॲस्ट्रोसायटोमाचा भरवसा देता येत नाही. पण औषध महाग आहे, आणि दिल्यानंतर कमीत कमी चोवीस तास रुग्णाला ऊन आणि प्रखर दिव्यांपासून जपावं लागतं. आपल्या जनरल वॉर्डातल्या खिडक्या आठवा. पडदे नाहीत आणि दुपारी ऊन थेट खाटेवर. म्हणून सुरुवात ५-एएलएने करा, असं मी म्हणत नाही.

तिसरा आयसीजी. १९५९ पासून अमेरिकेत वापरात असलेला हिरवा डाय. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये चमकतो, स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या रक्तवाहिन्या दिसतात. हिमॅन्जिओब्लास्टोमासारख्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीत रक्त आणणारी वाहिनी कोणती आणि नेणारी कोणती, हे त्यात सेकंदांत कळतं. चुकून नेणारी आधी बंद केली तर गाठ फुगते आणि रक्त थांबत नाही. असा प्रसंग मी एकदा पाहिला आहे, पुन्हा पाहायचा नाही.

आता पुराव्याचं. मेंदूचे आकडे मी वर दिले, ते मज्जारज्जूला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते लावून कुणी फाईल पुढे सरकवू नये, अशी माझीच विनंती आहे. मज्जारज्जूच्या गाठी मुळातच कमी, त्यामुळे उपलब्ध अभ्यास लहान आहेत, बहुतेक एकेका रुग्णालयाच्या अनुभवाचे. त्यांतून कोणती गाठ चमकते आणि कोणती नाही, हे बरंच समजलं आहे. रुग्ण किती वर्षं जास्त चालला, हे तेवढ्या ठामपणे सांगता येईल असा पुरावा त्यांत नाही. इटलीच्या औषध नियामक संस्थेने २०१५ साली मेंदू आणि मज्जासंस्थेच्या गाठींच्या शस्त्रक्रियेत फ्लुरोसीन वापरायला मान्यता दिली. आपल्याकडे मात्र त्याची ओळख डोळ्यांच्या तपासणीचा डाय हीच आहे. त्यामुळे लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

आणि डायच्या आधी न्यूरोमॉनिटरिंग. हे मी ठळक लिहिते. गाठ कुठे आहे ते डाय दाखवतो, पाय हलवणारे धागे कुठून जातात ते तो दाखवत नाही. ते मॉनिटरिंग दाखवतं, डोक्यावरून विद्युतप्रवाह देऊन पायाच्या स्नायूंतून उत्तर येतंय का ते पुन्हा पुन्हा बघणारं. ज्या महाविद्यालयात मॉनिटरिंगचं मशीन नाही किंवा असून टेक्निशियनचं पद रिकामं आहे, तिथे आधी ते भरा. तांदळाचा तो दाणा सरांनी काढला तो पिवळा दिसला म्हणून आणि 'एमईपी चांगले' हे उत्तर आलं म्हणून, दोन्ही मिळून.

१८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली या सर्जननी मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता. विल्यम गॉवर्स या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी नुसतं रुग्णाला तपासून गाठ कुठे असेल ते सांगितलं होतं. उघडलं तेव्हा गाठ दिसली नाही. वरचं आणखी हाड काढल्यावर सापडली. तो रुग्ण, एक लष्करी अधिकारी, पुढे चालू लागला. तेव्हापासून या शस्त्रक्रियेत जे जे बदललं, ते बहुतेक 'आणखी थोडं नीट दिसणं' या एकाच दिशेने बदललं आहे, भिंगं, मायक्रोस्कोप, एमआरआय. आपली सरकारी महाविद्यालयं त्यातल्या प्रत्येक पायरीला आली, पण उशिरा आली. यावेळी पायरी लहान आहे.

लहान कशी, ते सांगते. फ्लुरोसीनची ॲम्प्यूल स्वस्त आहे, आणि त्याच आवारात नेत्रविभागाच्या फ्रीजशेजारच्या कपाटात आहे. महाग आहे तो मायक्रोस्कोप, आणि तो तुम्ही घेताच आहात. फिल्टरची सोय मायक्रोस्कोपसोबत मागितली तर ती त्याच खरेदीत येते. नंतर बसवायची म्हटलं तर नवं कोटेशन, नवी प्रशासकीय मान्यता, नवा निधी, आणि काही मॉडेलांना ती नंतर बसतच नाही. मायक्रोस्कोप आपल्याकडे एकदा आला की दहा-पंधरा वर्षं बदलत नाही. म्हणजे आज टेंडरमध्ये जी ओळ राहिली, ती पंधरा वर्षांसाठी राहिली. आणि जे लिहिलेलं नाही ते एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, आलेला पुरवठादार देत नाही. त्याची चूकही नाही, त्याने लिहिलेल्या गोष्टीचा दर भरलेला असतो.

म्हणून ती ओळ मी लिहून देते. समितीने ती सुधारावी, आकडे तपासावेत, आणि कुठल्याही एका कंपनीपुरती ठरणार नाही अशी ठेवावी:

"मायक्रोस्कोपमध्ये फ्लुरोसीन सोडियमसाठी अंगभूत फ्लुरोसन्स सुविधा असावी. उत्तेजक प्रकाश साधारण ४६० ते ५०० नॅनोमीटर, निरीक्षण त्यापुढच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात. चमक सर्जनच्या आयपीसमधून आणि स्क्रीनवर, दोन्हीकडे दिसावी, रेकॉर्ड व्हावी आणि मुठीवरच्या बटणाने चालू-बंद करता यावी. आयसीजी आणि ५-एएलएसाठीची सोय नंतर बसवता यावी. दिवा, फिल्टर आणि कॅमेरा सर्वसमावेशक देखभाल करारात धरलेले असावेत."

शेवटचं वाक्य कृपा करून गाळू नका. माझ्या जुन्या ओटीत एक चांगला मायक्रोस्कोप नुसत्या दिव्यापायी सात महिने कापडाखाली झाकून ठेवलेला मी पाहिला आहे. झेनॉनचा दिवा, त्याचे तास ठरलेले असतात, ते भरले. करारात 'कन्झ्युमेबल वगळून' असं होतं आणि दिवा त्यात मोडतो की नाही यावर पत्रव्यवहार चालू राहिला. त्या सात महिन्यांत आम्ही जुन्या यंत्रावर काम केलं, आणि मज्जारज्जूच्या आतल्या गाठीचे रुग्ण मुंबई-पुण्याकडे पाठवले. काही गेले. काही गेलेच नाहीत, मुंबईत राहायचं कुठे म्हणून. मोफत उपचाराची योजना आहे, कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण रुग्णासोबत महिनाभर राहणाऱ्या भावाची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. जवळच्या महाविद्यालयात चांगली शस्त्रक्रिया होणं त्याच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे मी वॉर्डात उभी राहून पाहिलं आहे.

आणखी दोन छोट्या गोष्टी. फ्लुरोसीन न्यूरोसर्जरी विभागाच्या औषध मागणीपत्रकात स्वतंत्र नोंद म्हणून यावा. ऐनवेळी नेत्रविभागाकडून उसना आणायला लागू नये, कारण उसन्या ॲम्प्यूलवर दहा टक्के आहे की वीस, हे घाईत वाचायचं राहतं आणि मात्रा दुप्पट होते. आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवणारी एक साधी वही असावी. वजन, मात्रा, दिल्याची वेळ, गाठीचा प्रकार, चमकली की नाही, पॅथॉलॉजीचं उत्तर काय आलं, तीन महिन्यांनी रुग्ण कसा चालतो. आम्ही ट्रस्टमध्ये अशी वही ठेवतो. मीच लिहिते. राज्यातल्या सगळ्या सरकारी महाविद्यालयांनी पाच वर्षं अशी वही ठेवली तर मज्जारज्जूच्या पुराव्याची जी उणीव मी वर सांगितली, ती भरून काढण्यात महाराष्ट्राचा वाटा असेल. आपल्याकडे रुग्ण आहेत, हात आहेत.

माझ्या सहकारी सिस्टरच्या महाविद्यालयातला कागद अजून अंतिम झालेला नाही असं ती म्हणाली. इतर ठिकाणचेही काही कागद याच टप्प्यावर असतील. तांत्रिक समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख कळवलीत तर मी त्या दिवशी रजा टाकून येईन. रुग्णांची नावं झाकून वही सोबत आणेन, आणि सरांची परवानगी घेऊन तांदळाच्या दाण्याचं ते रेकॉर्डिंगही. चार मिनिटांचं आहे.

आपली,
न्यूरोसर्जरी शस्त्रक्रियागृहातली एक परिचारिका